किनाऱ्यालगतचा समुद्र आणि सुटीचा दिवस



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिला, की बोनस, महागाई किंवा नवे कायदे ह्यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार, अशी श्रोत्यांची मनाची तयारी असते. आम्ही मात्र आज एका लहानशा बेटाविषयी, त्याच्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राविषयी, आणि त्या समुद्रात तोंड बुडवून पालथे पडून राहण्याच्या एका निरुपद्रवी दिसणाऱ्या उद्योगाविषयी बोलणार आहोत. विषय चैनीचा वाटेल. तो तसा नाही, हे शेवटपर्यंत ऐकल्यावर पटावे अशी आशा आहे.

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी लढा दिला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्यापुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने, वर्षात २४० दिवस भरलेल्या प्रौढ कामगारास दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवसाची भरपगारी रजा दिली. फ्रान्समधील कामगारांनी १९३६ च्या मोठ्या संपानंतर दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळवली आणि हजारो कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात प्रथमच समुद्र पाहिला. सुटी ही अशी भांडून मिळालेली वस्तू आहे. पण ती घ्यावी कशी, हे मात्र आम्हांस कोणी शिकवले नाही. आमच्या ओळखीची बहुतेक माणसे रजा काढतात ती घराला रंग द्यायला, लग्नकार्याला, नाहीतर गावाकडच्या बांधाचे भांडण मिटवायला. आम्हीही त्यांतलेच. पन्नाशी उलटल्यावर चार सोबत्यांच्या आग्रहाने प्रथमच आम्ही निव्वळ विश्रांतीसाठी घराबाहेर पडलो आणि अंदमानातील शहीद द्वीप ह्या बेटावर पाच दिवस राहिलो.

अंदमान म्हटले की मराठी माणसाला काळे पाणी आठवते. पोर्ट ब्लेअरचा तो तुरुंग १९०६ साली बांधून पुरा झाला. सावरकर बंधूंनी तेथे कोलू ओढला, छिलका कुटला. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम असे झाले. आपल्याकडचा प्रवासी त्या कोठड्यांपुढे माथा टेकवतो, आणि ते योग्यच आहे. तेथून समुद्रमार्गे सुमारे ३७ किलोमीटरवर हे लहान बेट आहे. त्याचे जुने नाव नील. १८५७ च्या उठावात अलाहाबाद-कानपूरकडे निर्घृण सूड उगवणाऱ्या इंग्रज सेनाधिकाऱ्याचे ते नाव. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस ह्यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि ह्या द्वीपसमूहास शहीद व स्वराज अशी नावे देण्याचा मानस प्रकट केला. बरोबर ७५ वर्षांनी, ३० डिसेंबर २०१८ रोजी, नील बेट शहीद द्वीप झाले आणि शेजारचे हॅवलॉक स्वराज द्वीप झाले.

बेट एवढेसे, की सायकलीने एका दिवसात सारे पाहून होते. वस्ती तीनेक हजारांची. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना सरकारने येथे जमिनी दिल्या आणि त्यांनी जंगल तोडून भातशेती व भाजीपाला पिकवला; आजही राजधानीच्या बाजारात येथली भाजी जाते. वाड्यांची नावे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी आहेत. सर्वस्व मागे टाकून आलेल्या माणसांनी नव्या भूमीला वनवासाच्या कथेतली नावे द्यावीत, ह्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे पोचल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती सूर्याची. घड्याळ आपलेच, पण हे बेट मुंबईच्या पूर्वेस सुमारे २० अंश रेखांशावर आहे. एका अंशास चार मिनिटे ह्या हिशेबाने सूर्य मुंबईपेक्षा सुमारे ८० मिनिटे आधी तेथे पोचतो. हिवाळ्यात पहाटे पाचला झुंजुमुंजू होते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यामुळे बेटावरचा दिवस लवकर सुरू होऊन लवकर मिटतो. सात वाजता बाजारातली दुकाने आवरू लागतात, माशाची आमटी आणि भात पोटात गेला की झोप येते. पहिल्या दिवशी आमच्या एका सोबत्याने तीनदा विचारले, "आता पुढे काय करायचे?" तिसऱ्या दिवशी त्याने विचारणे सोडले. विश्रांती सुरू झाली ती त्या दिवशी.

आता समुद्राकडे वळू. धक्क्यापासून चार पावलांवर भरतपूरचा किनारा आहे. तेथे गुडघाभर, कमरभर पाण्यातच प्रवाळ सुरू होते. हे असे का, ते समजून घेण्यासारखे आहे. चार्ल्स डार्विन ह्यांनी १८४२ साली प्रवाळखडकांचे तीन प्रकार सांगितले: किनाऱ्याला चिकटून वाढणारा, किनाऱ्यापासून दूर तटासारखा उभा राहणारा, आणि मध्यभागीची जमीन बुडाल्यावर कड्यासारखा उरणारा. लक्षद्वीपची बेटे तिसऱ्या प्रकारची. अंदमानातील बहुतेक खडक पहिल्या प्रकारचे. म्हणूनच तेथे नौकेतून दूर न जाताही, वाळूतून चालत जाऊन प्रवाळापाशी पोचता येते.

ते पाहण्याचे साधन म्हणजे तोंडावरचा काचेचा मास्क आणि तोंडात धरायची एक वाकडी नळी. ह्याला स्नॉर्केलिंग म्हणतात. नुसते डोळे पाण्यात उघडले तर सारे धूसर दिसते, कारण आपल्या डोळ्याचा बाहेरचा पडदा हवेतून येणारा प्रकाश वाकवण्यासाठी घडलेला आहे. पाणी आणि तो पडदा ह्यांची प्रकाश वाकवण्याची शक्ती जवळजवळ सारखी, त्यामुळे पाण्यात प्रतिमा नीट जुळत नाही. मास्कमुळे डोळ्यापुढे हवेचा एक थर राहतो आणि दृष्टी परत येते. मात्र त्या काचेतून प्रत्येक वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि जवळ दिसते. परत आल्यावर आपण पाहिलेल्या माशाची लांबी सांगताना तेवढी वजावट करावी.

नळी वीतदीड वीत लांबीचीच का? लांब नळी घेऊन खोल जाता येईल, असे पुष्कळांना वाटते. परंतु एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या एकदशांशाने वाढतो. एवढ्या वजनाखाली छाती फुगवून वरची हवा ओढण्याचे बळ आपल्या स्नायूंत नाही. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली हवा साचते आणि तीच पुन्हा आत येते. तेव्हा स्नॉर्केलिंग हे पृष्ठभागावरचेच काम. आणि त्यात तोटा काही नाही. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, मग नारिंगी, मग पिवळा. खोल जाणाऱ्याला दिव्याशिवाय सारे निळसर दिसते. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मात्र सूर्याचे सगळे रंग तळापर्यंत पोचतात. गरिबाला जवळचेच चांगले दिसावे, अशी ही निसर्गातली एक दुर्मीळ सोय आहे.

पोहता न येणाऱ्यानेही हे करता येते. अंगात लाइफ जॅकेट आणि हाताशी हवेची रिंग असते, आणि गाइड ती ओढत नेतो. आमच्यापैकी दोघांना पोहता येत नव्हते. पहिली पाच मिनिटे धडपडीत जातात, कारण नाक बंद करून तोंडाने श्वास घेणे शरीराला रुचत नाही. मग श्वास संथ होतो, कानांत कडकड असा बारीक आवाज येऊ लागतो, आणि माणूस आपण पाण्यात आहोत हे विसरतो.

खाली दिसते ते काय? जे दगडासारखे दिसते तो प्राण्यांचा मोहल्ला असतो. एकेक प्रवाळजीव तीळ-मोहरीएवढा. तो समुद्रातील चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतो. लाखो जीवांची लाखो घरे मिळून खडक होतो. पण नुसत्या आपल्या कमाईवर त्याचे भागत नाही. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरधन्याला देतात. प्रवाळाच्या पोषणाचा ९० टक्क्यांपर्यंत भाग ह्या बिऱ्हाडकरूंकडून येऊ शकतो. बदल्यात त्यांना आसरा मिळतो आणि धन्याने टाकलेले द्रव्य खत म्हणून मिळते. प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्यांचाच.

भोवताली कारखान्यासारखी पाळीवार कामे चाललेली असतात. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक कुरतडतो, त्यावरचे शैवाल खातो आणि दगडाची पूड मागे सोडतो. काही थोराड जातींचा एकेक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण पसरतो तिच्यात त्या माशाच्या पोटातून आलेला वाटा मोठा असतो. समुद्रकाकडी तळाची वाळू गिळून स्वच्छ करून टाकते. एक चिमुकला निळा पट्टेदार मासा ठरलेल्या जागी उभा राहतो आणि मोठे मासे त्याच्यापुढे येऊन अंगावरचे कीटक वेचून घेतात. वाट पाहणाऱ्यांची रांगसुद्धा लागते. समुद्राच्या तळाचा एक टक्काही प्रवाळखडकांनी व्यापलेला नाही, तरी सागरी जीवांच्या सुमारे चौथाई जाती त्यांच्या आधाराने जगतात.

आता आमचा अपराध सांगितला पाहिजे. दुसऱ्या दिवशी मास्कमध्ये पाणी शिरले, आम्ही घाबरलो आणि पाय टेकून उभे राहिलो. पायाखाली काहीतरी कट् करून मोडले. बाहेर आल्यावर गाइडने शांतपणे सांगितले, की ती शिंगासारखी फांदी होती. फांदीदार प्रवाळ वर्षाला फार तर दहाएक सेंटिमीटर वाढते. गोलाकार दगडी प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर. म्हणजे आमच्या डोक्याएवढा गोळा वाढायला पंधरा-वीस वर्षे आणि फुटायला एक लाथ. आम्ही शरमलो. गिरणीत नवशिक्या कामगाराच्या हातून यंत्र बिघडले तर त्याला आधी शिकवले का नाही, असे आम्हीच विचारत आलो. येथे आम्हांस शिकवले होते. आम्ही ऐकले नव्हते.

त्याच दिवशी दुसरा प्रसंग घडला. शेजारच्या एका पर्यटक कुटुंबासाठी एका तरुण गाइडने तळाशी बुडी मारून तारामासा वर आणला, मुलांच्या तळहातावर ठेवला, छायाचित्रे निघाली. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो भेटला तेव्हा आम्ही त्याला सहज विचारले, की हे बरे का? तो म्हणाला, "काका, बरे नाही हे मला तुमच्याहून जास्त कळते. पण मी आणला नाही तर ते पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातात." मग हिशेब निघाला. नौका दुसऱ्याची, त्याला फेरीमागे वाटा. समुद्र खवळला की नौका ओढून ठेवायच्या आणि कमाई बंद. आजारपणाची रजा नाही, साप्ताहिक सुटी नाही. आमच्या विश्रांतीचा दिवस हा त्याच्या कामाचा दिवस, आणि आमची हौस हाच त्याच्यावरचा मुकादम. खडक वाचवायचा असेल तर त्याची राखण करणाऱ्याचे पोट आधी सुरक्षित केले पाहिजे, हे आम्हांस तेथे जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही सभेत दिसले नव्हते. कायदा आहेच: दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाघाच्या बरोबरीचे, पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि मेलेला तुकडासुद्धा खिशात घालून आणणे गुन्हा आहे. पण कायदा पाण्यात उतरत नाही. पाण्यात गाइड असतो आणि आपण असतो.

मात्र सगळा दोष पायांवर आणि हातांवर टाकून भागणार नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशाने तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळाच्या अंगातली शैवाले बिघडतात, विषारी द्रव्ये निर्माण करू लागतात, आणि प्रवाळजीव त्यांना बाहेर काढतो. ही एक प्रकारची टाळेबंदीच. कामकरी बाहेर गेले की रंग जातो, चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो आणि धनी उपाशी पडतो. उष्णता लवकर ओसरली तर शैवाले परत येतात आणि कारखाना सुरू होतो. न ओसरली तर घरधनी मरतो. अंदमानात २०१० च्या उन्हाळ्यात अशी मोठी विरंजनाची लाट आली होती. जगभरची चौथी लाट एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केली. आम्ही पाहिलेल्या तळातही पुष्कळ भाग मेलेला, करडा, शैवालाने माखलेला होता. त्यांच्यामधून नव्या फांद्या उगवताना दिसल्या. हा ताप गिरण्यांच्या, मोटारींच्या, वीजघरांच्या धुराचा आहे. त्यात आम्हांस तेथे नेणाऱ्या विमानाचाही वाटा आहे. हे सांगितल्यावाचून बेटाचे गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तेव्हा जाणाऱ्याने काय करावे? डिसेंबर ते एप्रिल हा काळ बरा. समुद्रात उतरायची वेळ भरतीवरून ठरवावी. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पण तिथीची पाऊणपट करून वेळ काढण्याचा आपला हिशेब आपल्याच किनाऱ्याचा. तेथली वेळ तेथल्या नावाड्याला विचारावी. सुकतीला भरतपूरचे प्रवाळ उघडे पडते, तेव्हा पाण्यात शिरणे म्हणजे तुडवणे. ती वेळ लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावरील खडकाची नैसर्गिक कमान पाहण्यास उत्तम. पाठीवर ऊन फार लागते. मलम थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घालावा. काही मलमांतली रसायने प्रवाळाला अपायकारक ठरतात म्हणून हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. एकट्याने उतरू नये, नौकांच्या वाटेत जाऊ नये, आणि मगरीची सूचना लावली असेल तर ती थट्टेवारी नेऊ नये. २०१० साली शेजारच्या बेटावर एक परदेशी पर्यटक मगरीच्या हल्ल्यात दगावली होती. पाण्यात काही धरू नये, काही उचलू नये, माशांना पाव घालू नये. आणि गाइडला आरंभीच सांगावे: "आम्हांला काही हातात नको. लांबून दाखवा. पैसे ठरल्याप्रमाणे देऊ." हे एक वाक्य दहा पाट्यांचे काम करते. आम्ही उरलेले तीन दिवस ते म्हणत होतो आणि त्या तरुणाने आम्हांस इतरांपेक्षा अधिक दाखवले, कारण त्याला बुडी मारून आणायची घाई नव्हती.

ज्यांना इतक्या दूर जाणे परवडत नाही त्यांनी मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि मास्क-नळी देणारे आपलेच कोळी-गाबीत बांधव आहेत. तेथेही हेच नियम आणि हेच वाक्य.

शेवटी एक गोष्ट सांगून पुरे करतो. हवाई बेटांत हनौमा नावाचा एक उपसागर आहे. किनाऱ्यालगतचे मासे पाहण्यासाठी तेथे इतकी माणसे लोटत, की खडक झिजू लागला. तेव्हा तेथल्या व्यवस्थेने माणसांची संख्या बांधून दिली, उतरण्यापूर्वी प्रत्येकाने माहितीचा चित्रपट पाहावा असा नियम केला, आणि उपसागराला साप्ताहिक सुटी दिली. आधी मंगळवारची होती. आता सोमवार आणि मंगळवार असे दोन दिवस तेथे कोणी पाण्यात उतरत नाही. २०२० साली महासाथीमुळे तो काही महिने सलग बंद राहिला तेव्हा पाणी पूर्वीपेक्षा नितळ झाल्याचे अभ्यासकांना आढळले.

हे वाचले तेव्हा आम्हांस लोखंडे आठवले. सात दिवस राबणाऱ्या माणसाला एक दिवस द्या, ही मागणी १८९० मध्ये मालकांना अजब वाटली होती. आज ती अजब वाटत नाही. राबणाऱ्या समुद्राला एक दिवस द्या, आणि त्याच्या काठी राबणाऱ्या नावाड्यालाही त्याच दिवशी, मजुरी न कापता, ही मागणी आज कदाचित तशीच वाटेल. आम्ही ती आमच्या परीने मांडायला सुरुवात केली आहे. आपणही सुटीवर जाल तेव्हा, पाण्यात तोंड घालण्यापूर्वी, आपल्याला ओढून नेणाऱ्या माणसाला एवढेच विचारा, की बाबा रे, तुझी सुटी कधी असते?